कामराग सुटल्यावर उरणारी संयोजने

शंका : इंद्रियसुखाची ओढ सुटली की धम्ममार्ग पूर्ण झाला, असे समजावे का?

समाधान : नाही. पाली सुत्तांत माणसाला भवचक्राशी जखडणारी दहा संयोजने सांगितली आहेत आणि कामराग त्यांतले चौथे आहे. त्याआधी सक्कायदिट्ठी (‘हा मी’ ही दृष्टी), विचिकिच्छा (संशय) आणि सीलब्बतपरामास (व्रत-कर्मकांडांना चिकटणे) येतात; पाचवे पटिघ, म्हणजे द्वेष. ही पाच तुटली की साधक अनागामी, म्हणजे या लोकात परत न येणारा, होतो. तरीही रूपराग, अरूपराग, मान (अहंभाव), उद्धच्च (चित्ताची चंचलता) आणि अविज्जा (अज्ञान) ही वरची पाच उरतात. पहिली दोन म्हणजे ध्यानात अनुभवलेल्या साकार व निराकार अवस्थांची ओढ. आळार कालाम आणि उद्दक रामपुत्त या गुरूंकडे सिद्धार्थ गौतमांनी अशा निराकार अवस्था साधल्या होत्या. तेवढ्याने मुक्ती मिळत नाही हे ओळखून ते तिथून निघाले.

या सगळ्यांत मान ओळखायला फार कठीण. संयुत्त निकायात आजारी खेमक भिक्खूची कथा आहे. पंचस्कंधांपैकी कशालाही ते ‘हा मी’ म्हणत नाहीत, तरी ‘मी आहे’ ही जाणीव गेलेली नाही, असे ते मोकळेपणाने सांगतात. खार आणि शेण लावून धुतलेले वस्त्र स्वच्छ होते, पण खाराचा वास त्याला राहतोच, असा त्यांचा दाखला आहे. मळ गेला, मळ काढणाऱ्या गोष्टीचा वास राहिला. साधनेतून आलेली सूक्ष्म आसक्ती नेमकी अशी असते.

शंका : ज्याने घरदार, वस्त्र, चव सारे सोडले, त्याला कशाची आसक्ती राहणार?

समाधान : याचे उत्तर सोपाऱ्याच्या बाहियाच्या चरित्रात आहे. सोपारा २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होते, आता पालघर जिल्ह्यात आहे. १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला स्तूप खणला आणि अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही तिथेच मिळाला. उदान ग्रंथानुसार बाहिय या बंदरात राहत होता, लोक त्याला पूजत होते आणि आपण अरहंत असावे असे त्याला वाटू लागले होते. अट्ठकथा, म्हणजे त्यावरचे भाष्य, आणखी खोलात जाते. जहाज फुटून किनाऱ्याला लागलेल्या बाहियाने झाडाची साल गुंडाळली. लोकांनी वस्त्रे आणून दिली तेव्हा ती त्याने नाकारली, कारण वस्त्र नेसले तर लोकांचा आदर कमी होईल. अंगावर कापड नाही, पण त्या नसण्यावरच सारा जीव जडलेला! त्याग हीच मिळकत झाली, तर त्यागाचीही आसक्ती जडते.

तू अरहंत नाहीस, त्या वाटेवरही नाहीस, असे एका देवतेने सांगताच तो सावत्थीला गेला. त्याचे मोठेपण इथे आहे. इतकी वर्षे मिळवलेला लौकिक त्याने एका वाक्यासरशी सोडला. भिक्षेला निघालेल्या बुद्धांना त्याने तीनदा विनवले आणि त्याला थोडक्यात उपदेश मिळाला : दिसले ते केवळ दिसणे म्हणून जाणावे, त्यात ‘मी’ मिसळू नये. तेवढ्याने तो मुक्त झाला. त्वरित जाणणाऱ्या भिक्खूंत बुद्धांनी त्याला अग्रस्थान दिले.

शंका : विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरात अंगभर सुखद, सूक्ष्म संवेदना वाहू लागतात. त्या पुन्हा हव्याशा वाटणे, हाही राग, म्हणजे आसक्ती, म्हणावा का?

समाधान : हव्याशा वाटणे हा रागच. संवेदना मात्र निर्दोष आहे. मज्झिम निकायात विसाख उपासक पूर्वाश्रमीची पत्नी धम्मदिन्ना भिक्खुणी हिला हेच विचारतो. सुखद वेदनेत, म्हणजे संवेदनेत, रागाचा अनुशय (सुप्त ओढ) दडलेला असतो; पण प्रत्येक सुखद वेदनेत नव्हे, असे ती सांगते आणि प्रथम ध्यानाचे उदाहरण देते. म्हणून ध्यानसुखाला भिऊ नये. कालचा अनुभव आज आला नाही म्हणून खट्टू होणे, शेजारच्या साधकाशी तुलना करणे, शिबिरांची संख्या सांगत फिरणे, इथे बंध तयार होतो.

शंका : मान हे सूक्ष्म बंधन असेल, तर विहाराच्या भिंतीवर दात्याचे नाव कोरणे अयोग्य का?

समाधान : कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दात्यांची नावे आजही वाचता येतात, आणि काही लेखांत आईवडिलांच्या पुण्यासाठी दान केल्याचे म्हटले आहे. नाव कोरण्यात दोष नाही. नाव वगळले म्हणून दात्याचा दानातला उत्साह ओसरला, तर दोष तिथे.

शंका : गृहस्थाने या सूक्ष्म गोष्टींत पडावे का?

समाधान : पडावे, पण शीलाला वळसा घालून नव्हे. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या विहारांत म्हटल्या जाणाऱ्या पंचशीलातले तिसरे शील संसार सोडायला सांगत नाही, कामातला मिथ्याचार सोडायला सांगते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांतही व्यभिचार न करण्याची प्रतिज्ञा आहे. वर्षावासात उपासक-उपासिका ज्या दिवशी अष्टशील घेतात, त्या दिवसापुरते ब्रह्मचर्य पाळतात. त्याच दिवशी न पाळणाऱ्यांकडे हीन नजरेने पाहिले गेले, तर शील टिकते आणि मान वाढतो. मच्छिकासंडचा चित्त गृहपती घरात राहूनच अनागामी झाला. म्हणून सूक्ष्म बंधने भिक्खूंपुरती आहेत असे मानण्याला सुत्तांत आधार नाही.