दाखल्यावरची जात आणि धम्माची दीक्षा



दरवर्षी उन्हाळा सरत आला की परळ, लालबाग, नायगाव, दादर येथल्या आपल्या वस्त्यांत एक प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो. मुलीने बारावी विज्ञान शाखेतून केलेली असते, 'नीट' दिलेली असते, डॉक्टर होण्याचे मनात असते. आणि वैद्यकीय प्रवेशाचा फॉर्म भरताना ती एका रकान्यापाशी अडते. तो रकाना जातीचा. केंद्राच्या नमुन्यातील दाखल्यावर तर पूर्वाश्रमीच्या जातीचे नावच लिहावे लागते. मग ते लेकरू विचारते, "आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा जात सोडली ना? मग मी ती पुन्हा का लिहू?"

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. "लिही मुकाट्याने, सीट पाहिजे ना?" असे म्हणून लेकराचे तोंड बंद करू नका. ज्या घरात असा प्रश्न उठतो, त्या घरात धम्म जिवंत आहे असे समजा आणि त्याचे नीट उत्तर द्या.

प्रथम इतिहास सांगा. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा मुख्यतः हिंदू धर्मापुरता बांधून टाकला होता. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला परमपूज्य बाबासाहेबांसमवेत ज्यांनी दीक्षा घेतली, त्यांच्या हातून त्या सवलती निसटल्या. तरीही माणसे मागे फिरली नाहीत. 1951 च्या जनगणनेत साऱ्या देशात दोन लाखही बौद्ध नव्हते. 1961 साली ते बत्तीस लाखांवर गेले आणि त्यांतले बहुतेक महाराष्ट्रातले होते. महाराष्ट्र राज्याने 1960 पासून नवबौद्धांना आपल्या सवलती दिल्या. केंद्राने मात्र 1990 साली कायदा बदलला. चौतीस वर्षे! आता सांगा, सवलतीसाठी धर्म धरणारे हे लोक, की धर्मासाठी सवलत सोडणारे?

आता मुलीच्या प्रश्नाचा गाभा पाहू. तिला केईएमच्या ओपीडीचे उदाहरण द्या. तेथे रोग्याचा केसपेपर निघतो. त्यावर रोगाचे नाव लिहितात, तो केव्हापासून आहे ते लिहितात, घरात आणखी कोणास होता तेही विचारतात. केसपेपरावर क्षय लिहिला म्हणून तो मनुष्य क्षय होत नाही. रोग लिहिला नाही तर औषध कोणते द्यावयाचे? दाखल्यावरची जात ही अशीच नोंद आहे. ती तुझी ओळख नव्हे. ह्या समाजाला जडलेल्या रोगाची आणि तो तुझ्या घराला किती पिढ्या भोवला ह्याची ती नोंद आहे. दीक्षेने आपण रोग नाकारला, रोगाचा इतिहास पुसला नाही.

तथागतांची शिकवण ह्याहून वेगळी नाही. त्यांना महावैद्य म्हणतात ते उगीच नव्हे. दुःख आहे, दुःखाला कारण आहे, ते कारण दूर करता येते आणि त्याचा मार्ग आहे: ही चार आर्यसत्ये म्हणजे रोग, निदान, आरोग्य आणि उपचार. दुःख झाकून ठेवा असे ते कोठेही सांगत नाहीत. म्हणून दाखला ताठ मानेने काढ. मात्र जातीचे नाव कागदापुरतेच राहू दे. ते मनात, लग्नाच्या बोलणीत आणि शेजाऱ्याशी वागण्यात शिरले, तर दीक्षा तेथे मोडली.

कागदाचीही गोष्ट सांगितली पाहिजे, कारण नुसत्या उपदेशाने प्रवेश मिळत नाही. दाखल्याबरोबर जातवैधता प्रमाणपत्र लागते, आणि त्यासाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा पाहतात. आपल्यापैकी कित्येकांचे आजे-पणजे कोकणातून गिरणीत आले. त्यांच्या शिक्षणाचा वा जन्माचा कागद गावच्या शाळेच्या रजिस्टरात किंवा तहसिलीत पडून असतो. तो निकालानंतर शोधू नका. मूल अकरावीत गेले की गावाकडे जा, उतारे काढा, अर्ज करा. एका कागदापायी वर्ष जाणे हे नशीब नव्हे, ती हयगय आहे.

पुढे कॉलेजात तिला टोमणा ऐकावा लागेल: "तुम्ही कोट्यातले, गुणवत्ता कुठली?" त्याचेही उत्तर तिच्याजवळ असावे. परळचे सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज 1926 साली सुरू झाले. त्या काळी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापकीच्या जागा बहुतांशी गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाती असत. शिकलेल्या हिंदी डॉक्टरांना तेथे वाव नव्हता. म्हणून देणगी देतानाच अट घातली गेली की येथे शिकविणारे भारतीयच असावेत. आज ज्या संस्थेचे नाव देशभर आदराने घेतात, तिचा पायाच राखीव जागांवर घातला गेला. त्याने गुणवत्ता बुडाली काय? दार बंद असले म्हणजे गुण दिसत नाहीत, आणि दार उघडले म्हणजे दिसतात, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय सवलत प्रवेशाच्या दारापाशी आहे. आत गेल्यावर एमबीबीएस उत्तीर्ण होण्याचे गुण सर्वांना सारखेच. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2022 मध्ये म्हटले की स्पर्धापरीक्षेतील गुण म्हणजेच गुणवत्ता, असा संकुचित अर्थ घेता येणार नाही.

विनयपिटकातील जीवकाची कथा आठवा. जन्मताच उकिरड्यावर टाकलेले ते मूल. राजकुमार अभयाने त्याला वाढविले. तो तक्षशिलेस गेला आणि सात वर्षे वैद्यक शिकला. गुरूने त्याचे कुळ विचारल्याचा उल्लेख कथेत नाही. परीक्षा मात्र कडक घेतली: हातात कुदळ देऊन सांगितले की योजनभर फीर आणि जी औषधी नाही अशी वनस्पती आण. जीवक रित्या हाताने परतला, कारण त्याला निरुपयोगी असे काहीच आढळले नाही. तो उत्तीर्ण झाला आणि पुढे तथागतांचा वैद्य झाला. उकिरड्यावरच्या मुलालाच कळले की जगात टाकाऊ काही नसते!

आणि सीट मिळाली नाही तर? 2025 साली 'नीट'ला 22 लाखांहून अधिक मुले बसली. एमबीबीएसच्या जागा सुमारे 1 लाख 18 हजार. म्हणजे साधारण एकोणीसजणांत एकाला जागा. उरलेले अठरा पापी होते काय? मागल्या जन्मीचे कर्म आडवे आले काय? 'बुद्ध आणि त्याचा धम्म' ह्या ग्रंथात बाबासाहेबांनी असले खूळ साफ नाकारले आहे. अपयशाला कारणे असतात. अभ्यास कमी पडला, क्लासची फी परवडली नाही, दहा बाय बाराच्या खोलीत झोप मिळाली नाही. कारणे शोधा आणि ती दूर करा. परळच्या डबक चाळीतल्या एका खोलीत सुभेदार रामजी रात्री दोन वाजता भीमरावांना अभ्यासाला उठवीत. त्यांनी अंगारा लावला नाही, जागा करून दिली. आईवडिलांनो, नवस आणि ज्योतिष्यावर खर्च होणारा पैसा पुस्तकावर खर्च करा. आणि पोर नापास झाले तर प्रथम त्याच्या पाठीवरून हात फिरवा. त्याच्या जिवापेक्षा कोणतीही सीट मोठी नाही.

शेवटी, मुली, तुला विचारतो: डॉक्टर कशासाठी व्हायचे? एक भिक्षू अतिसाराने स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता. तो कोणाच्या उपयोगाचा नव्हता म्हणून त्याची शुश्रूषा कोणी करीत नव्हते. तथागतांनी आनंदाकडून पाणी आणविले, त्याला स्वतः न्हाऊ घातले, उचलून मंचकावर निजविले आणि संघाला बजावले की माझी सेवा करू इच्छिणाऱ्याने रोग्याची सेवा करावी. शुश्रूषा करणाऱ्याचे गुणही त्यांनी सांगितले. त्याला औषध सिद्ध करता यावे, पथ्यापथ्य कळावे, त्याने लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करावी, मलमूत्राची व वांतीची किळस धरू नये आणि रोग्याच्या मनाला उभारी द्यावी.

ह्या पाच कसोट्यांना कोणताही कोटा नाही. मलमूत्र उपसण्याचे काम जातीने ज्यांच्या माथी मारले आणि त्याबद्दल ज्यांना अस्पृश्य ठरविले, त्यांच्या नातीने तेच काम करुणेने, विद्येने आणि सन्मानाने करावे, ह्याहून मोठे धर्मांतर कोणते?

फॉर्म भर. निर्भयपणे भर.

जयभीम! नमो बुद्धाय!