गाडीखालचे काम

भोपाळच्या जुन्या शहरात आमच्या ओळखीचे एक मिस्त्री आहेत. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या गॅरेजात एक जुनी स्टँडर्ड हेरल्ड आली. ही गाडी 1961 पासून मद्रासला तयार होऊ लागली. विलायतेतील ट्रायम्फ हेरल्डचीच ती हिंदी बहीण होय, आणि 1962 साली निघालेली तिकडची स्पिटफायर नावाची दोन आसनांची शर्यती थाटाची गाडी हिच्याच मागच्या सांगाड्यावर उभी होती. मालकाच्या वडिलांची आठवण म्हणून गाडी पुन्हा उभी करावयाची होती. मागची बाजू सर्व खोलून झाली होती. जोडणी चालू असता आम्ही सहज तेथे गेलो, आणि हाती बॅटरी देऊन मिस्त्रींनी आम्हांस कामाला लावले.

ह्या गाडीचे पाटे लांबीत नसून आडवे असतात. पाट्यांचा तो एकच जुडगा डिफरन्शियलच्या डोक्यावर सहा नटांनी बसवावयाचा आणि त्याची दोन टोके दोन चाकांपाशी एकेका बोल्टने अडकवावयाची. त्या टोकांच्या डोळ्यांत रबरी बुश असतो, व त्याच्या आत लोखंडी नळी. बोल्ट आवळला की नळी जखडली जाते. मग चाक वरखाली होताना रबराने पीळ खाऊन चाकाला वाट द्यावयाची. आता गाडी घोडीवर असताना चाके खाली लोंबत असतात. त्याच स्थितीत बोल्ट आवळला तर गाडी जमिनीवर येताच रबराला कायमचा पीळ बसतो. ते लवकर फाटते, गाडीही मागून उंच राहते. म्हणून बोल्ट नुसते घालून ठेवावयाचे, गाडी खाली उतरवावयाची, भार भरावयाचा, आणि शेवटचा पाना तेव्हाच मारावयाचा.

मिस्त्रींनी तसेच केले. मागे गव्हाची दोन पोती टाकली, पुढे आम्हांस बसविले (आमच्या वजनाचा असा उपयोग प्रथमच झाला), आणि स्वतः पाठीवर सरकत त्या अरुंद जागेत शिरले. दहा मिनिटांचे काम दीड तासाचे झाले. मालकाचा धाकटा मुलगा कंटाळून म्हणाला, “मिस्त्री, वर असतानाच आवळले असते तर कोणाला कळणार होते?” खालून उत्तर आले, “कोणालाच नाही, बेटा. जरा पोते मागे सरकव.”

घरी येताना तो प्रश्न आमच्या मनातून जाईना. जी लबाडी कधीच कोणास कळणार नाही, ती लबाडी कां करू नये? रविवारच्या शाळेत हा प्रश्न आला तर आपण चटकन सांगतो, देवाला कळते. आम्हीही वर्षानुवर्षे मुलांस हेच सांगितले आहे. ते खरेच आहे, परंतु ह्या उत्तराने आता आमचे समाधान होत नाही. पौलाने कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात दासांना तोंडदेखली चाकरी न करण्यास सांगितले आहे. मुकादम पाहतो म्हणून राबणे ही तोंडदेखली चाकरी. मग देव पाहतो म्हणून राबणे ही तरी दुसरी काय? मुकादम तेवढा मोठा झाला आणि त्याला झोप येत नाही, इतकाच फरक. प्रेषित धन्याचा डोळा बदलून देत नाही, तो कामाचा हेतूच बदलतो. प्रभूच्या नजरेखाली करणे निराळे आणि प्रभूसाठी करणे निराळे. आईने मुलाच्या डब्यात ताजी भाजी घालताना आपणांस कोण पाहते ह्याचा विचार केलेला नसतो.

दुसऱ्या शतकातील जस्टिन मार्टर ह्याने लिहून ठेवले आहे की, आपला प्रभू नांगर आणि जू तयार करीत असे. जुवाची आतली बाजू बैलाच्या मानेवर येते. ती नीट घासली आहे की नाही हे विकत घेणाऱ्यास बाजारात कदाचित दिसणार नाही. बैलास मात्र दिवसभर कळेल, आणि बैल तक्रार घेऊन येत नाही.

अनुवादाच्या 22 व्या अध्यायातील आठव्या वचनाकडे आपले लक्ष क्वचितच जाते. नवे घर बांधशील तेव्हा धाब्याला कठडा कर, नाहीतर कोणी पडल्यास रक्तपाताचा दोष घरावर येईल, असा त्याचा आशय आहे. पडणारा कोण हे तेथे सांगितलेले नाही. तो पाहुणा असेल, शेजाऱ्याचे पोर असेल, अद्याप जन्मलाही नसेल. ज्याचे नाव ठाऊक नाही अशा माणसाचे देणे आपणांवर आहे, आणि ते पैशांत नसून विटांत फेडावयाचे आहे.

भोपाळात राहून हे वचन वाचताना 1984 च्या डिसेंबरातील 2 व 3 तारखांमधली ती रात्र आठवल्याशिवाय राहत नाही. युनियन कार्बाइडच्या कारखान्यात विषारी द्रव्याची टाकी थंड ठेवणारे यंत्र कित्येक महिने बंद होते. सुटलेला वायू उंचावर जाळून टाकण्यासाठी जो मनोरा होता, त्याच्याकडे जाणाऱ्या नळाचा एक तुकडा दुरुस्तीसाठी काढला होता व परत बसविला नव्हता. कोणीतरी मुद्दाम घातपात केला असे कंपनीचे म्हणणे होते. ते क्षणभर धरून चाललो तरी तो नळ तेथे नव्हता, हे राहतेच. हजारो माणसे गेली. 2010 साली येथील न्यायालयाने सात अधिकाऱ्यांना दोषी ठरवून दोन वर्षांची शिक्षा सुनावली. नळ जोडण्याचे काम पाना हाती असलेल्या मजुराचे होते, की खर्च कमी करा म्हणून वरून सांगणाऱ्याचे? आमच्या मते पाप पान्याबरोबर खालीखाली उतरत नाही. ज्याने वेळ आणि पैसा नाकारला, त्याच्यापाशीच त्याचा मोठा वाटा राहतो.

म्हणूनच मिस्त्रींना आम्ही नंतर विचारले, मालक नव्या बुशचे पैसे देत नसेल तर आपण काय करता? ते म्हणाले, “करकर वाजण्याची गोष्ट असेल तर त्याची गाडी, त्याची मर्जी. पण बिलावर लिहून देतो. चाक सुटण्याची गोष्ट असेल तर गाडी घेऊन जा म्हणतो.” अशी किती गिऱ्हाइके गेली, असे विचारता ते हसले आणि बोटे मोजू लागले, दोन्ही हातांची संपली तेव्हा त्यांनी नाद सोडला. ते आपल्या मंडळीचे नव्हेत, आणि पौलाचे पत्र त्यांनी वाचलेले नाही.

आम्ही मात्र वाचलेले आहे. तरीही गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी रात्री आळस आला म्हणून, तीन वर्षांपूर्वीचे प्रवचन वरची तारीख खोडून आम्ही दुसऱ्या दिवशी केले. कोणाच्याही लक्षात आले नाही. दाराशी हात मिळविताना एक आजीबाई म्हणाल्या, “भाऊ, आज फार बरे वाटले,” आणि आम्हांस त्यांच्या डोळ्यांकडे पाहवले नाही.

गाडी फाल्गुनात बाहेर पडली. मोठ्या तलावाच्या कडेने मिस्त्रींनी ती स्वतः चालवून पाहिली. आम्ही शेजारी होतो, मागे मालक व त्यांचा तो मुलगा. एका खड्ड्यात मागचे चाक जोराने बसले. मिस्त्रींनी लगेच काच खाली केली, मान तिरकी करून थोडा वेळ ऐकले, आणि काही न बोलता गिअर बदलला.