सांध्यातली पांढरी पूड

समुद्राकाठच्या गच्चीवर हॅम रेडिओची यागी अँटेना दहा-पंधरा पावसाळे उभी राहिली की तिचा चेहरामोहरा बदलतो. झळाळी जाते, नळ्यांवर राखाडी कळा येते, जागोजाग खरखरीत पांढरे ठिपके उठतात, आणि एक नळी दुसरीत सरकवलेली असते तिथे पांढरी पूड साठते. अशी अँटेना खाली उतरवली की मालक आधी सँडपेपर शोधतो आणि सगळी नळी चकचकीत केल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. यातली बरीचशी मेहनत फुकट असते.

ॲल्युमिनियमला हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा थर चढतो. थर जेमतेम काही नॅनोमीटरचा, पण घट्ट आणि चिवट. लोखंडाचा गंज पापुद्र्यांनी सुटतो आणि खालचं लोखंड पुन्हा उघडं पाडतो. हा थर मात्र धातूला बिलगून बसतो आणि हवेला वाटच ठेवत नाही. लंडनच्या पिकॅडिली सर्कसमधला पंखवाला धनुर्धर ॲल्युमिनियमचा आहे. १८९३ साली तो उभारला, तेव्हापासून त्या शहराचा धूर आणि पाऊस त्याने अंगावर घेतला. खाऱ्या वाऱ्यातलं क्लोराइड या थराला बारीक छिद्रं पाडतं, हे खरं. पांढरे ठिपके त्याचेच. पण ठिपक्यांच्या मधली राखाडी कळा म्हणजे बिघाड नव्हे, तो पहारा आहे.

जाणकार इथे हरकत घेईल. १४ मेगाहर्ट्झला प्रवाह नळीच्या पृष्ठभागालगत साधारण ०.०२ मिलिमीटर खोलीतच एकवटतो. मग पृष्ठभाग स्वच्छ नको का? नको. ऑक्साइड विद्युतरोधक आहे, त्यामुळे प्रवाह त्याच्या वाटेला जातच नाही. तो खालच्या धातूतून निमूट वाहतो, आणि वरचा थर त्या ०.०२ मिलिमीटरच्याही हजारो पटींनी पातळ असतो.

हाच रोधकपणा सांध्यात मात्र नडतो, कारण तिथे प्रवाहाला एका नळीतून दुसरीत उडी घ्यावी लागते. दोन धातूंच्या मध्ये ऑक्साइडची पातळ भिंत, ही रचना रेडिओच्या इतिहासाला चांगली परिचयाची आहे. १८९० साली ब्रानली या शास्त्रज्ञाने काचेच्या नळीत धातूचा कीस भरला. विद्युत्‌लहर आली की कणांमधला अडसर मोडायचा आणि वीज वाहू लागायची; पुढच्या लहरीसाठी नळीला टिचकी मारावी लागे. जगदीशचंद्र बोसांनी १८९९ मध्ये लोखंड आणि पारा यांच्या स्पर्शातून याच कुळातला शोधक बनवला. ज्या अर्धवट स्पर्शाने सुरुवातीच्या काळात बिनतारी लहरी ओळखल्या, तोच आज गच्चीवर उपद्रव करतो. कुजलेला सांधा प्रवाहाला दोन्ही दिशांनी सारखा वागवत नाही; मग नको त्या वारंवारता जन्माला येतात आणि शेजाऱ्याच्या रेडिओत आपला आवाज घुसतो. वारा सुटला की एसडब्ल्यूआरचा (अँटेनाकडून परतणारी लहर दाखवणारा) काटा डोलू लागतो, तोही बहुधा याच कारणाने.

हा अनुभव हॅम मंडळींपुरता नाही. सेंदाईच्या विद्यापीठात उदा आणि यागी यांनी १९२६ मध्ये जगापुढे मांडलेली ही यागी अँटेना (प्रयोग मुख्यतः उदांचे, नाव मात्र यागींचं रुळलं) दूरदर्शनमुळे आपल्या कौलांवर आली. पुण्यात सगळ्या अँटेना सिंहगडाकडे तोंड करून असायच्या. पडद्यावर मुंग्या आल्या की एकाने वर जाऊन दांडा हलवायचा आणि खालून ओरडा व्हायचा, ‘आलं, आलं!’ त्यात दिशेचं श्रेय असेलच. पण हिसक्याने सांध्यातला थर तडकूनही चित्र परतत असणार.

तेव्हा घासायचं ते सांध्यात: आतल्या नळीचा बाहेरचा आणि बाहेरच्या नळीचा आतला भाग. तारेचा लोखंडी काथ्या नको, त्याचे कण रुतून बसतात आणि ओलाव्यात ॲल्युमिनियमलाच खातात. पितळी ब्रशही त्याच कारणासाठी नको. भांडी घासायची हिरवी नायलॉनची घासणी उत्तम. चिंच-लिंबू तांब्या-पितळेला ठीक. कॉस्टिक सोड्याने थराबरोबर धातूही विरघळतो आणि वर हायड्रोजनचे बुडबुडे फसफसतात. गंमत अशी, की सँडपेपरवरचे दाणेही बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडचेच असतात. काढायचं ते आणि काढणारं ते, दोन्ही एकाच जातीचं. आणि त्यातच क्रोमियमचा अंश मिसळून स्फटिक झाला तर जवाहिऱ्याकडचं माणिक.

पण स्वच्छ केलेला सांधा स्वच्छ राहतो किती वेळ? घासणी उचलेपर्यंत नवा थर बसू लागलेला असतो. म्हणून जुने कारागीर जस्ताची पूड मिसळलेलं ग्रीस आधी लावतात आणि त्या ग्रीसमधूनच घासतात, म्हणजे उघड्या धातूला हवा भेटतच नाही. जस्ताचे टोकदार कण उरलासुरला थर फोडून दोन्ही नळ्यांना जोडतात. मग स्टेनलेस क्लॅम्प कचकचून आवळायचा. ग्रीस मात्र थापू नये. जास्तीचं बाहेर येऊन धूळ धरतं.

नळ्या एकमेकींत जाम झाल्या असतील तर ओढाताण कामाची नाही. सांध्यात मुरणारं तेल सोडून दोन दिवस थांबावं, तेल पुसून फक्त बाहेरची नळी हॉट एअर गनने झटपट तापवावी आणि पिळून काढावी. दोन्ही सारख्या तापल्या तर दोन्ही सारख्याच फुगतात आणि पकड होती तशीच राहते. एवढं करून नळी सुटली आणि बोल्टच्या भोकाभोवती खोल खड्डे दिसले, तर घासणी बाजूला ठेवून करवत घ्यावी. वाऱ्याने रोज वाकणारी नळी तिथूनच चिरते. तेवढा तुकडा कापून नवी नळी घालावी.