दत्तावर सोडणं म्हणजे काय?

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

आपल्या सगळ्यांच्या तोंडी एक वाक्य नेहमी असतं, "आता दत्तावर सोडलं." मुलीचं लग्न जमेना, कोर्टातला निकाल लागेना, धानाला भाव मिळेना, की आपण हात जोडून म्हणतो, दत्तावर सोडलं. यात खोटं काही नाही. माणसाचे हात जिथं पुरे पडत नाहीत, तिथून पुढं श्रद्धाच लागते. पण हात नेमके कुठं अपुरे पडले, हे कोण ठरवणार? ते खरंच अपुरे पडले, की आपणच आखडते घेतले? गेल्या वर्षी एका मुक्या जनावरामुळं मला या प्रश्नाचा नीट विचार करावा लागला. तो विचार भाविकांपुढं ठेवतो.

महाराजांच्या तसबिरीत पाठीशी गाय असते आणि पायाशी चार कुत्री. गाय म्हणजे पृथ्वी आणि चार कुत्री म्हणजे चार वेद, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. अर्थ बरोबरच आहे. पण अर्थ सांगता सांगता चित्रातली कुत्री आपल्याला कुत्री म्हणून दिसेनाशी होतात. तसबिरीला फूल वाहायचं आणि बाहेर पायरीवर बसलेल्याला "हाड" म्हणायचं, यात आपल्याला काही विसंगत वाटत नाही. मी कुणाला बोल लावत नाही. पिसाळलेल्या कुत्र्याची भीती खरी आहे, चावल्यावर सुया घ्याव्या लागतात हेही खरं. मी बोलतोय ते आपल्याच दारच्या, आपलं उष्टं खाऊन आपलीच राखण करणाऱ्या प्राण्याबद्दल.

आमच्याकडं मोती नावाचा कुत्रा आहे. तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, वजन एकोणीस किलो. गेल्या रोवणीच्या दिवसांत बांधीच्या धुऱ्यावरून उडी मारताना चिखलात त्याचा मागचा पाय अडकला आणि मुरगळला. तीन पायांवर तो घरी आला. चौथ्या पायाची फक्त बोटं जमिनीला टेकायची. बसताना तो पाय बाजूला पसरून बसायचा.

पशुवैद्यकांनी त्याला आडवा केला. एका हातानं मांडीचं हाड धरलं, दुसऱ्या हातानं नळीचं हाड पुढं सरकवून पाहिलं, तर ते टेबलाच्या खणासारखं पुढं सरकलं. ते म्हणाले, "गुरुजी, गुडघ्याचा बंध तुटला आहे." कुत्र्याच्या मागच्या पायात उलटा वाकलेला जो सांधा दिसतो, त्याला आपण गुडघा समजतो. तो खरं तर घोटा. गुडघा वर, पोटाजवळ असतो. त्याच्या आत दोन बंध फुलीसारखे एकमेकांना छेदून जातात, त्यांना क्रूसिएट लिगामेंट म्हणतात. त्यातला पुढचा बंध नळीच्या हाडाला पुढं घसरू देत नाही. आपल्याला वाटतं एका उडीनं तो तुटला. पण कुत्र्यांमध्ये बहुतेक वेळा तो महिनोन् महिने आतून झिजत असतो, उडी केवळ निमित्त होते. म्हणूनच एका पायाचा बंध तुटलेल्या कुत्र्यांपैकी जवळपास निम्म्यांना पुढं दुसऱ्या पायालाही तेच दुखणं होतं. हा बंध एकदा तुटला की पुन्हा जुळत नाही. मात्र सांध्याभोवतीचं आवरण हळूहळू जाड होतं, मांडीचे स्नायू बळकट होतात आणि सांध्याला थोडा आधार मिळतो. त्यासाठी वेळ लागतो, विश्रांती लागते.

घरी आल्यावर सल्ले सुरू झाले. शेजारचे म्हणाले, "जनावरच आहे ना जी, दत्तावर सोडून द्या." एकानं गुडघ्याला डाग द्यायला सांगितलं, दुसऱ्यानं बांबूच्या कामट्या बांधायला. मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, नागपूरला नेऊन ऑपरेशन करून टाका." डाग दिल्यानं जुन्या दुखण्यात नव्या दुखण्याची भर पडते, दुसरं काही होत नाही. मांडी वर रुंद आणि खाली निमुळती असल्यामुळं कामट्या गुडघ्यावर टिकत नाहीत, घसरून खाली येतात. म्हणजे विचार करायचा तो पहिल्या आणि शेवटच्या सल्ल्याचा.

डॉक्टरांनी दोन्ही बाजू सांगितल्या. ऑपरेशनमध्ये हाड कापून त्याचा उतार बदलतात आणि पट्टी बसवतात, किंवा मजबूत दोऱ्यानं सांधा बाहेरून आवळतात. मोठ्या, वजनदार, तरण्या कुत्र्याला त्याचा फायदा जास्त. बिनऑपरेशनच्या उपचाराबद्दल अमेरिकेतल्या एका पशुशल्यतज्ज्ञानं १९८४ साली ८५ कुत्र्यांचा अभ्यास छापला होता. त्यात पंधरा किलोपर्यंतच्या दर शंभरातली सुमारे ८६ कुत्री बरी झाली किंवा सुधारली. पंधरा किलोंच्या वर हे प्रमाण १९ वर आलं. पुढं २०१३ साली वजन वाढलेल्या ४० कुत्र्यांचा अभ्यास झाला. त्यात सगळ्यांचंच वजन उतरवलं, व्यायाम दिला, वेदनेचं औषध दिलं. वर्षाअखेर ऑपरेशन झालेल्यांपैकी तीन-चतुर्थांश आणि न झालेल्यांपैकी जवळपास दोन-तृतीयांश कुत्र्यांना चांगला गुण आला. आणि एक गोष्ट डॉक्टरांनी आवर्जून सांगितली. ऑपरेशन केलं तरी नंतर आठ-दहा आठवडे बांधून ठेवणं, जपणं आलंच. म्हणजे चाकूची वाट धरा की बिनचाकूची, सांभाळणाऱ्याची सुटका कुठंच नाही.

मोतीचं वय, सिंदेवाहीहून नागपूरचा लांबचा प्रवास आणि तपासणीसाठी पुन्हा पुन्हा घालाव्या लागणाऱ्या खेपा, हे सगळं पाहून आम्ही बिनऑपरेशनची वाट धरली. मोती पंधरा किलोंच्या वरचा, हे माहीत असून धरली. आता प्रश्न असा, की यालाच दत्तावर सोडणं म्हणायचं का?

अवधूतांच्या चोवीस गुरूंची कथा आपण भागवताच्या एकादश स्कंधात ऐकतो. त्यात अजगर हा एक गुरू. तो अन्नासाठी धावाधाव करत नाही, समोर येईल त्यावर राहतो, न मिळालं तर पडून राहतो. आमच्या शेजाऱ्यांच्या बोलण्यामागं कळत नकळत हाच अजगर होता. जे होईल ते होईल. पण कथा नीट पाहिली तर ध्यानात येतं, की अवधूतांनी अजगराची वृत्ती घेतली ती स्वतःच्या पोटासाठी. माझ्या भुकेबद्दल मी उदासीन राहीन, असा तो धडा आहे. दुसऱ्याच्या वेदनेबद्दल उदासीन राहीन, असा नाही. आपण सोयीनं उलटं करतो. स्वतःच्या गुडघ्यासाठी नागपूर गाठतो आणि मुक्याच्या गुडघ्यासाठी अजगर होतो.

त्याच चोवीसांत बाण करणारा कारागीर आहे. राजाची मिरवणूक शेजारून गेली तरी त्याचं लक्ष हातातल्या कामावरून हललं नाही. बिनऑपरेशनचा उपचार म्हणजे या कारागिराचं काम आहे. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, काहीच चाललेलं नाही. कुत्रा कोपऱ्यात पडलाय, म्हातारा जवळ बसलाय. पण त्यात नेम किती असतो ते पाहा.

आठ आठवडे धावणं बंद, उडी बंद, पायऱ्या बंद. लघवी-शौचापुरतं दोरी आखूड धरून न्यायचं, पोटाखाली जुन्या लुगड्याचा पट्टा घालून मागचा भार उचलायचा. घरातल्या फरशीवर पाय घसरतो, म्हणून बारदाना अंथरायचा. पहिले काही दिवस कापडात गुंडाळलेल्या बर्फानं शेकायचं, सूज उतरल्यावर कोमट कापडानं. दोन आठवड्यांनी पाच मिनिटं सावकाश चालवायचं, पुढं डॉक्टर सांगतील तसं थोडं थोडं वाढवायचं. खाण्यात भाताचा ढीग कमी करायचा, कारण प्रत्येक जादा किलो त्या गुडघ्यावर बसतो. मोतीला आम्ही दर पंधरा दिवसांनी राइस मिलच्या काट्यावर नेत असू. दोन महिन्यांत तो सतरा किलोंवर आला.

औषधाचं तर फारच सांभाळायचं. आपल्या डब्यातली गोळी कुत्र्याला कधीही देऊ नये. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण पडतात, यकृत किंवा मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. डायक्लोफेनॅक दिलेल्या गुरांचं मांस खाऊन आपल्या देशातली गिधाडं किती मेली, ते आपण पाहिलंच. म्हणून २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. एकाच्या दुखण्यावरची गोळी दुसऱ्याचा जीव घेते, हे आपल्या झाडीपट्टीच्या आकाशानंच दाखवून दिलं.

आणि एक गोष्ट शहरातल्या डॉक्टरांच्या कागदावर नसते. आपला तालुका ब्रह्मपुरी वनविभागात येतो. बिबट्या रात्री अंगणात येतो, हे इथं लहान पोराला सांगावं लागत नाही. कुत्रा हे त्याचं आवडीचं भक्ष्य. धडधाकट कुत्रा निदान पळू शकतो. लंगडा कुत्रा, तोही दोरीनं बांधलेला, म्हणजे आपणच वाढून ठेवलेलं ताट. म्हणून विश्रांती म्हणजे आमच्याकडं रात्री घराच्या आत, दार लावून. सौभाग्यवतींचं सोवळं-ओवळं कडक. पण पहिल्याच रात्री त्या स्वतः म्हणाल्या, "सपरीत नको, आतच घ्या त्याला." देवघराच्या भिंतीपलीकडं तणसावर बारदाना टाकून त्याची जागा झाली.

मला सगळ्यात जड गेलं ते बांधणं. रोज सकाळी मोती दाराकडं पाहायचा, मग माझ्याकडं. त्याला धावायचं होतं. गुरुचरित्राच्या सप्ताहात आपण नेम पाळतो तो स्वतः संकल्प करून. या जीवानं कोणता संकल्प केला होता? त्याच्या भल्यासाठी का होईना, त्याच्या मर्जीविरुद्ध त्याला बांधायचा अधिकार मला कुणी दिला? कायदाही इथं दोन्ही बाजूंनी बोलतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं जनावराला वेदनेत टाकून सोडून देणं हा गुन्हा आहे आणि अवाजवी आखूड साखळीनं अवाजवी काळ बांधून ठेवणं हाही गुन्हा आहे. मग दोन्हींच्या मधली वाट कशी ओळखायची? माझ्यापुरतं उत्तर मला असं सापडलं, की बंधन कुणाच्या सोयीचं आहे ते पाहावं. त्याला खुंट्याला बांधून मी गावभर फिरलो, तर ते बंधन माझ्या सोयीचं. त्याला बांधलं म्हणून मीही घरात अडकलो, त्याची कूस बदलली, त्याच्याशी बोललो, तर ते बंधन त्याचं एकट्याचं राहत नाही. त्या दोन महिन्यांत मी एका लग्नाला गेलो नाही आणि पौर्णिमेची एक वारी चुकवली. नेम मोडला असं मला वाटलं नाही. नेमाची जागा बदलली, एवढंच.

महाप्रस्थानाच्या वेळी युधिष्ठिराबरोबर शेवटपर्यंत कुत्रा होता. इंद्र म्हणाला, त्याला सोड आणि रथात बस. युधिष्ठिरानं स्वर्ग नाकारला, आश्रयाला आलेल्याला सोडलं नाही. तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म होता, हे नंतर कळलं. आपण ही गोष्ट सांगताना शेवटावर भर देतो. पण नकार दिला त्या क्षणी युधिष्ठिरापुढं एक कुत्राच होता. धर्म आहे हे माहीत असतं, तर त्या नकाराची किंमत ती काय?

याचा अर्थ बिनऑपरेशनची वाटच श्रेष्ठ, असं मी म्हणत नाही. काही आठवड्यांनीही कुत्रा पाय टेकत नसेल, खाणं सोडत असेल, किंवा बरा होता होता एकाएकी लंगडू लागला आणि गुडघ्यात कट्कन आवाज येऊ लागला, तर आतली गादीसारखी कूर्चा फाटलेली असू शकते. मग थांबणं हा उपचार राहत नाही. आपल्याला त्यातल्या त्यात जवळचं मोठं ठिकाण म्हणजे नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय, तिथं विचारावं. ऐपत असून खर्च वाचवायला थांबायचं आणि त्याला श्रद्धा म्हणायचं, हे महाराजांच्या नावावर आपली उधारी लिहिणं आहे. आणि ज्याची ऐपत नाही, त्यानंही कमीपणा मानू नये. दोरी, बारदाना, मोजका भात आणि आपला वेळ, एवढं गरिबाच्या घरीही असतं.

दसऱ्यापर्यंत मोतीनं चारही पाय टेकले. आता तो चालतो, थंडीच्या सकाळी थोडा लंगडतो, धुऱ्यावरून उडी मात्र आम्ही मारू देत नाही. सांध्याची झीज आयुष्यभर राहणार आहे. दुसरा गुडघा टिकेल की नाही, हे डॉक्टर सांगू शकत नाहीत, मीही नाही. ते मी खरोखर दत्तावर सोडलं आहे. वजन मात्र दर महिन्याला करतो.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥