जुळलेल्या समीकरणाचा भरवसा

आंत्वान लाव्हाझिए फ्रान्सच्या राजासाठी करवसुलीचा ठेका घेणाऱ्या मंडळींपैकी एक. क्रांतीनंतर, १७९४ साली, त्याच ठेकेदारीपायी त्याचा गिलोटिनवर शिरच्छेद झाला. मात्र जमाखर्चाची शिस्त त्याने प्रयोगशाळेतही मुरवली होती. अभिक्रियेआधी जेवढं वस्तुमान तेवढंच नंतर, हे त्याने १७८९ च्या ग्रंथात ठामपणे मांडलं. समीकरण जुळलंच पाहिजे, या आग्रहाला बळ मिळालं ते तिथून. ऑक्सिडीकरण म्हणजे त्याच्या लेखी सरळ ऑक्सिजनशी संयोग.

पुढे बराच काळ दोन्ही बाजूंचे अणू मोजणं पुरेसं वाटलं. गोम कळते ती परमँगनेटपाशी. आम्लयुक्त हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये त्याचं द्रावण सोडलं की जांभळा रंग उडतो आणि ऑक्सिजनचे बुडबुडे येतात. पोटॅशियम परमँगनेटचे दोन रेणू, सल्फ्युरिक आम्लाचे तीन आणि पेरॉक्साइडचे पाच घेतले, की पोटॅशियम व मँगनीजच्या सल्फेटांबरोबर पाण्याचे आठ आणि ऑक्सिजनचे पाच रेणू मिळतात. आता पेरॉक्साइड तीनच घ्या: पाणी सहा, ऑक्सिजन चार. सात घ्या: पाणी दहा, ऑक्सिजन सहा. एकूण एक अणू जुळतो, विद्युतभारही जुळतो! बीजगणिताला दोष देण्यात अर्थ नाही; सहगुणक सात आणि मूलद्रव्यं पाच, मग उत्तर एकच कुठून येणार?

१८९७ मध्ये जे. जे. थॉमसनने इलेक्ट्रॉन शोधला आणि पुढे ऑक्सिडीकरणाचा अर्थ पालटला: इलेक्ट्रॉन गमावणं, मग ऑक्सिजन हजर असो वा नसो. मँगनीजचा अणू ऑक्सिडीकरण अंकाच्या हिशेबात अधिक सातवरून अधिक दोनवर येताना पाच इलेक्ट्रॉन घेतो, पेरॉक्साइडचा रेणू दोन देतो. म्हणून दोनास पाच. पाठ्यपुस्तकं इथे थांबतात, आणि मला वाटतं जरा लवकरच थांबतात. अधिक सात हा आपण ठरवलेल्या नियमांचा आकडा. मँगनीजच्या अणूवर तेवढा भार खरोखर बसलेला नसतो. शिवाय तीनच्या समीकरणातला चौथा ऑक्सिजन रेणू परमँगनेटच्या अंगचा मानला, तर दहा इलेक्ट्रॉन तिथेही चोख जुळतात.

ऑक्सिजन नेमका कुणाचा, हे कागदावर ठरणारच नव्हतं. १९५२ मध्ये काहिल आणि हेन्री टाऊबी या रसायनशास्त्रज्ञांनी ऑक्सिजन-१८ या जड समस्थानिकाच्या खुणेवरून तो शोधला. वायूतला सगळा ऑक्सिजन पेरॉक्साइडचाच निघाला. तीनचं समीकरण बाद झालं. सातचं मात्र खोटं म्हणता येत नाही. त्यात पेरॉक्साइडचं आपोआप होणारं विघटनही त्याच ओळीत कोंबलेलं आहे. ब्युरेट घेऊन पेरॉक्साइडचं प्रमाण काढणारा म्हणूनच नमुना थंड जागी ठेवतो: बाटलीतच विघटन झालं, तर परमँगनेटला गाठ पडते ती उरलेल्या पेरॉक्साइडशी.