स्फुरण, संकेत आणि निदान

शरीराची एखादी हालचाल कर्त्याच्या इच्छेविना घडते तेव्हा तिला कृती म्हणता येत नाही. पण ती निव्वळ घटना म्हणून स्वीकारणेही माणसाला साधत नाही. पापणी लवते, दंडाचा किंवा पोटरीचा स्नायू त्वचेखाली क्षणभर उडतो, थांबतो, पुन्हा उडतो. वेदना नसते, शक्ती कमी झालेली नसते. असतो तो एक प्रश्न : हे काय सांगत आहे? या प्रश्नाचे रूप वैद्यकीय असले तरी त्याची घडण अर्थनिर्णयनाची आहे. जे चिन्हासारखे भासते ते चिन्ह आहेच का, आणि ते तसे नसेल तर त्याचा अर्थ विचारणाऱ्याला कोणते उत्तर दिले गेले पाहिजे, हा त्यामागचा नैतिक प्रश्न होय.

हा प्रश्न मराठीत कोऱ्या पाटीवर लिहिला जात नाही. बाहू स्फुरतात आणि कविताही स्फुरते. 'स्फूर्ती' हा शब्द त्याच धातूचा. काश्मिरी शैव विचाराने तर 'स्पंद' या संकल्पनेत चैतन्याचेच स्वरूप पाहिले. अनाहूत हालचाल आणि अनाहूत अर्थ यांना भाषेनेच असे एका घरात नांदवले आहे. सोलापूरसारख्या शहरात हे अधिक ठळकपणे जाणवते. येथे मराठीच्या जोडीला कन्नड, तेलुगू आणि उर्दू नित्य बोलल्या जातात. मराठीत डोळा 'लवतो', उर्दूत 'फडकतो'. कन्नड आणि तेलुगू या दोन्ही भाषांत त्यासाठी 'अदर-अदुर' अशी सख्खी वाटणारी क्रियापदे आहेत. शब्द बदलतात, त्यामागचा शकुनाचा संकेत मात्र बदलत नाही : कोणता डोळा, उजवा की डावा? रुग्ण वैद्याकडे येतो तो लक्षण घेऊन नव्हे, तर आधीच अर्धे वाचलेले लक्षण घेऊन.

या अर्ध्या वाचनाला साहित्याची मोठी परंपरा आहे. कण्वाश्रमात शिरताना दुष्यंताचा बाहू स्फुरतो. पाचव्या अंकात राजसभेत आलेल्या शकुंतलेचा उजवा डोळा लवतो आणि प्रत्याख्यानाची चाहूल लागते. वाल्मीकींच्या सुंदरकांडात निराश सीतेचे डावे अंग स्फुरते आणि हनुमंताच्या आगमनाची भूमिका तयार होते. या स्फुरणांवर श्रोत्याचा विश्वास बसतो, कारण त्यांच्यामागे कवीची हमी असते. नाटकात एकही पापणी विनाकारण लवत नाही. जीवनात अशी हमी देणारा कवी नसतो. तरीही माणूस स्वतःचे शरीर नाट्यसंहिता म्हणून वाचत राहतो. साहित्याने शिकवलेली वाचनाची सवय साहित्याबाहेर वापरली जाते तेव्हा तिची किंमत ज्याला मोजावी लागते, त्याचा विचार समीक्षेने क्वचितच केला आहे.

अर्थनिर्णयनाच्या आधुनिक चर्चेत पापणी लवण्याला मानाचे स्थान मिळाले, पण ते चमत्कारिक आहे. गिल्बर्ट राइल यांनी दोन मुलांचे उदाहरण घेतले : दोघांचीही पापणी मिटते, एकाची नकळत, दुसऱ्याची मित्राला केलेल्या इशाऱ्यादाखल. छायाचित्रात दोन्ही हालचाली सारख्याच दिसतील. भेद आहे तो अर्थाचा. क्लिफर्ड गीर्ट्‌झ यांनी १९७३ मध्ये याच उदाहरणावर 'सघन वर्णना'ची आपली मांडणी उभी केली. इशारा, इशाऱ्याची नक्कल, त्या नकलेची तालीम असे अर्थाचे थर ते उलगडत जातात. मात्र ज्याची पापणी खरोखरच नुसती लवली, तो पहिला मुलगा या विवेचनात मागे पडतो. अर्थाचा थर नसलेला म्हणून तो तुलनेपुरता लागतो, आणि मग त्याचे काम संपते. उद्या त्याची पापणी पुन्हा लवली, परवा हातही उडू लागला, तर त्याने कोणाकडे जावे?

तो वैद्याकडे जातो. धाराशिव, विजयपुरा, कलबुर्गी या शेजारच्या जिल्ह्यांतूनही सोलापुरात उपचारांसाठी माणसे येतात. त्यांत असेही रुग्ण असतात. वैद्यकाच्या दृष्टीने हे स्फुरण म्हणजे प्रेरक चेतातंतू आणि त्याच्या ताब्यातील स्नायुतंतू यांनी आपणहून केलेले क्षणिक आकुंचन. जागरण, अतिश्रम, चहा-कॉफीचा अतिरेक, चिंता यांनी ते वाढते. काही औषधे, थायरॉइडचे विकार, क्षारांचे असंतुलन हीही कारणे असू शकतात. रुग्णाला ज्याची धास्ती असते तो प्रेरक चेतापेशींचा ऱ्हास करणारा असाध्य विकार. त्यात स्फुरणासोबत स्नायूंची दुर्बलता आणि झीज आढळते. म्हणून वैद्य शक्ती तपासतो, प्रतिक्षिप्त क्रिया पाहतो, रक्त तपासतो, गरज वाटल्यास स्नायूत सुई घालून ईएमजी काढतो. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या वैद्यांनी १९९३ मध्ये अशा निरुपद्रवी स्फुरणाच्या १२१ रुग्णांचा दीर्घकालीन पाठपुरावा प्रसिद्ध केला; त्यांपैकी एकालाही तो असाध्य विकार झाला नाही.

येथे निदान होते ते वगळत जाऊन. जे नाही ते एकेक करून बाजूला ठेवले जाते, आणि उरते त्याला 'निरुपद्रवी' हे विशेषण मिळते. रुग्णाच्या कानावर मात्र बहुधा दोनच शब्द पडतात : 'काही नाही.' या दोन शब्दांत दोन विधाने मिसळलेली असतात. 'या हालचालीला तुम्ही भिता तो अर्थ नाही' हे एक, आणि 'अशी हालचालच नाही' हे दुसरे. पहिले परिश्रमपूर्वक केलेल्या वाचनाचा निष्कर्ष असते. दुसरे वाचनाचा नकार. पहिल्याने धीर येतो; दुसऱ्याने रुग्ण स्वतःच्या अनुभवाचा साक्षीदार म्हणूनच बाद ठरतो. मग तो दुसऱ्या वैद्याकडे, तिसऱ्या तपासणीकडे वळतो. रात्र रात्र पोटरीवर नजर ठेवतो. जागरण आणि चिंता यांनी स्फुरण वाढते. वाचनच संहितेत भर घालू लागते.

यावर एक आक्षेप संभवतो : निश्चित नाव मिळाले की माणूस सुटतो, म्हणून खरा प्रश्न अर्थाचा नसून निदानाचा आहे. या आक्षेपाची परीक्षा घेण्यासाठी सोलापुरातीलच एक उदाहरण पाहता येईल. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म येथे १९१० मध्ये झाला. १९३८ मध्ये ते भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराने त्यांचा अंत झाला. अपस्माराचा झटका मेंदूतून येतो, स्नायूचे साधे स्फुरण परिघावरील चेतातंतूतून; दोन्हींची जात निराळी आणि गांभीर्यही निराळे. साम्य आहे ते एवढेच की दोन्ही हालचाली इच्छेविना घडतात. कोटणिसांच्या बाबतीत नाव होते, आणि ते नाव त्या काळातही वैद्यकाला परिचित होते. पण त्या नावाने त्यांच्या मृत्यूला अर्थ मिळाला नाही. अर्थ आहे तो त्यांनी जाणूनबुजून जे केले त्यात : युद्धभूमीवरील शस्त्रक्रियांत, परतण्याचा मार्ग असूनही मागे राहण्यात, भारत आणि चीन या दोन्ही देशांची नावे गुंफून ठेवलेल्या मुलाच्या 'यिन्हुआ' या नावात. राइल यांच्या परिभाषेत सांगायचे, तर आयुष्य इशाऱ्यांचे असते. झटका हा इशारा नव्हे.

तेव्हा निदान आणि अर्थ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निदान मागण्याचा रुग्णाला अधिकार आहे. अर्थ मात्र वैद्य देऊ शकत नाही, कारण तो स्नायूत नसतो. वैद्याचे कर्तव्य याहून लहान, तरी अवघड आहे : हालचाल खरी आहे हे मान्य करणे, ती कशाची खूण नाही हे कारणांसह सांगणे, आणि दुर्बलता किंवा झीज दिसल्यास पुन्हा यावे हे बजावणे. रुग्णाच्या वाट्याला येते ती एक अपरिचित शिस्त. जे आपल्याच शरीरात घडते पण आपल्याला उद्देशून घडत नाही, त्याच्यासह जगण्याची ती शिस्त होय. समीक्षेलाही तिचा उपयोग आहे. प्रत्येक तपशिलातून आशय काढण्याचा सराव झालेल्या वाचकाला केव्हा थांबावे हे शिकवणारी संहिता सहसा भेटत नाही. गीर्ट्‌झ यांनी मागे सोडलेला मुलगा ती शिकवू शकेल. मात्र त्यासाठी आधी त्याची पापणी लवते आहे, हे कोणीतरी मान्य केले पाहिजे.