जर्सी नाही, चालेल का?

सायकल चालवणाऱ्या माणसासाठी आपल्याकडे दोन शब्द आहेत. सकाळी हँडलला डबा अडकवून कामावर जातो तो 'सायकलवाला'. रविवारी हेल्मेट, भडक रंगाची जर्सी आणि अंगाला चिकटलेली काळी शॉर्ट घालून निघतो तो 'सायकलिस्ट'. दोघांच्या सायकलला चाकं दोनच. वर्षभराचे किलोमीटर मोजले तर बहुतेक वेळा सायकलवाल्याचेच जास्त भरतील. तरी 'सायकलिस्ट' म्हटलं की डोळ्यांसमोर दुसराच येतो. आपण हे कपड्यांवरून ठरवतो, आणि ठरवतोय हे आपल्या लक्षातही येत नाही.

मी शहादा तालुक्यातला. इंजिनिअरिंग झालं, पुण्यात नोकरी लागली आणि तिथेच लांबवर सायकल चालवायचा नाद लागला. आता घरून काम करतो, त्यामुळे गावाकडेच असतो. माझ्या कपाटात दोन्ही प्रकारचे कपडे आहेत. जर्सी आणि पॅडवाली शॉर्ट मिळून साधारण साडेतीन हजारांना पडली होती. शेजारच्या कप्प्यात धुऊन धुऊन मऊ झालेला सुती शर्ट आणि एक जुनी पँट. सायकल बाहेर काढण्याआधी 'आज काय घालू?' हा प्रश्न रोज पडतो. वरवर पाहता हा काही नैतिक प्रश्न नाही. मलाही तो तसा वाटायला बराच वेळ लागला.

आधी शरीराची बाजू ऐकू. तोरणमाळचंच घ्या. शहाद्याहून म्हसावद, राणीपूर करत वर जायचं म्हणजे जाताना पन्नासेक किलोमीटर आणि जवळजवळ हजार मीटरची चढण. रेसिंगच्या सायकलवर माणूस पुढे वाकलेला असतो आणि सीट अरुंद असते. शरीराचा भार मागच्या मांसल भागावरून सरकून मांड्यांच्या मधल्या नाजूक भागावर येतो. साध्या पँटची तिथली जाड शिवण दोन-तीन तास घासत राहिली की कातडी सोलवटते. पॅडवाली शॉर्ट याच कारणासाठी असते आणि ती आतल्या चड्डीशिवाय घालायची असते, कारण आत आणखी एक शिवण आली की सगळा उपयोगच संपला. पूर्वी युरोपातले सायकलपटू लोकरीच्या चड्ड्या घालत आणि त्यात मऊ कातड्याचा तुकडा शिवलेला असे. 1958 साली ड्यूपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स या रसायनशास्त्रज्ञाने ताणला जाणारा धागा तयार केला. तोच पुढे 'लायक्रा' म्हणून बाजारात आला आणि लोकर मागे पडली. त्यामुळे हे कपडे म्हणजे निव्वळ मिरवणं आहे, असं म्हणणाऱ्याने आधी एकदा जीन्स घालून तोरणमाळ चढून यावं.

पण शरीराची बाजू इथेच संपत नाही. आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलवर माणूस ताठ बसतो. सीट रुंद, खाली स्प्रिंगा. भार जिथे पडायला हवा तिथेच पडतो आणि पाच-सात किलोमीटरला पॅडची आठवणही होत नाही. उन्हाचंही तसंच. पॉलिस्टरची जर्सी घाम पटकन वाळवते हे खरं, पण एप्रिल-मेमध्ये नंदुरबारचा पारा चाळिशीच्या वर असतो तेव्हा लांब बाह्यांचा सैल सुती शर्ट ऊन अंगावर येऊ देत नाही, आणि घामाने ओला झाला तर वाऱ्याने गार लागतो. आमच्याकडचे शेतमजूर उन्हात अंगभर कपडे आणि डोक्याला रुमाल बांधून काम करतात ते काही फॅशन म्हणून नाही. थोडक्यात, अंतर किती, सायकल कोणती आणि ऊन किती यावर कपडे ठरतात. प्रश्न एवढाच असता तर मी एक छोटा प्रोग्रॅम लिहून मोकळा झालो असतो.

प्रश्न अडतो तो दुसऱ्याच्या नजरेपाशी. लायक्रा घालून मी गावातून निघालो की पारावरची म्हातारी माणसं "कथा चालना रे भाऊ?" असं विचारतात. तोच मी शर्ट-पँटमध्ये असलो तर कुणी विचारत नाही. शर्ट-पँटमधला माणूस कुठेतरी कामालाच चाललेला असणार हे गृहीत असतं. जर्सीतला माणूस मात्र कुठेच न पोहोचण्यासाठी घाम गाळतो, हे त्यांना कोडं वाटतं. नीट पाहिलं तर जर्सी एक गोष्ट न बोलता सांगते: मला सायकलची गरज नाही, मी ती निवडली आहे. ज्या जिल्ह्यात कितीतरी माणसं परवडत नाही म्हणून सायकलवर आहेत, तिथे हे वाक्य अंगावर घालून फिरणं वाटतं तितकं निरुपद्रवी नाही.

यावर सोपं उत्तर सुचतं की मग साधेच कपडे घालावेत. पण तेही तितकं निर्मळ नाही. जुना शर्ट घालून मी साठ हजारांच्या सायकलवर बसलो तर तो साधेपणा हौसेचा असतो. घरी गेल्यावर तो काढून ठेवता येतो. ज्याच्याकडे दुसरा शर्टच नाही, त्याच्या शर्टाशी माझ्या शर्टाची बरोबरी होत नाही.

आमच्या भागातल्या एका सायकल ग्रुपमध्ये हा वाद एकदा उघडपणे झाला. तोरणमाळची राइड ठरत होती. व्हॉट्सअ‍ॅपवर नियम आले: हेल्मेट आणि जर्सी सक्तीची. एका दुकानात काम करणारा, रोज गावाहून चौदा किलोमीटर सायकलने येणारा एक मुलगा कुणाच्या तरी ओळखीने ग्रुपमध्ये आला होता. त्याने लिहिलं, "सायकल आहे. हेल्मेट घेतो. जर्सी नाही, चालेल का?" उत्तर आलं, "फोटोत सगळे सारखे दिसलेले बरे." पुढे अंगठ्याच्या चार इमोजी.

मी विरोध केला. माझा मुद्दा साधा होता. हेल्मेटची सक्ती करायला कारण आहे, घाटात डोकं आपटतं. रात्री किंवा पहाटे रिफ्लेक्टिव्ह जॅकेटची सक्ती करायलाही कारण आहे, कारण उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रस्त्यावर दिसणं हाच जीव वाचवायचा मार्ग. जर्सीला असं कारण काय? लांब पल्ल्याच्या 'ब्रेव्हे' राइड्स भारतात भरवल्या जातात. 200 किलोमीटर साडेतेरा तासांत आणि 600 किलोमीटर 40 तासांत पूर्ण करायचे असतात. तिथे हेल्मेट लागतं, अंधारात दिवे आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट लागतं. जर्सी कुणी मागत नाही. सहाशे किलोमीटरला जी लागत नाही ती आपल्याला फोटोसाठी का लागावी?

दोन दिवस वाद चालला. समोरच्या बाजूलाही काही खरं होतं. एकाने लिहिलं की गणवेशाने आपलेपणा येतो. शाळेत तो असतोच ना? हे मला नाकारता आलं नाही. पण शाळेचा गणवेश ज्याला परवडत नाही त्याला शाळेनेच द्यावा अशी आपली अपेक्षा असते. गणवेश नाही म्हणून वर्गाबाहेर काढणारी शाळा आपल्याला चुकीची वाटते. शेवटी नियम बदलला: हेल्मेट सक्तीचं, जर्सी ऐच्छिक. तो मुलगा मात्र आला नाही. "रविवारी दुकान असतं भाऊ," एवढंच त्याने कळवलं. हे खरंही असेल. पण 'चालेल का?' असं एकदा विचारावं लागलं की माणूस दुसऱ्यांदा विचारेलच असं नाही.

ही गोष्ट ताईला सांगितली तेव्हा ती हसली. म्हणाली, "तुमचं बरं आहे, तुमच्याकडे वाद घालायला दोन पर्याय तरी आहेत. मी लायक्रा घातली तर गाव बोलेल. पंजाबी ड्रेस घातला तर ओढणी चाकात जाईल. साडीत तर विचारूच नकोस." ती आठवी ते दहावी सायकलने शाळेत गेली. ओढणी छातीवरून आडवी घेऊन कमरेला गाठ मारायची ही पद्धत तिला कुणी शिकवली नव्हती. वर्गातल्या सगळ्या मुली तशीच बांधायच्या. लग्नानंतर सायकल सुटली. आणि 'काय घालू?' हा प्रश्न माझ्यासारखा कपाटापुढे उभं राहून सोडवता येतो, हाच पुरुषांना मिळालेला फायदा आहे हे मला तिच्या बोलण्यातून दिसलं.

हा प्रश्न बायकांसाठी जुना आहे. 1898 साली इंग्लंडमध्ये लेडी हार्बर्टन ही बाई सायकलवरून सरे परगण्यातल्या एका हॉटेलात गेली. तिने लांब घेराच्या स्कर्टऐवजी सैल तुमानीसारखा पोशाख घातला होता. मालकिणीने तिला कॉफी-रूममध्ये बसू दिलं नाही, बारच्या बाजूच्या खोलीत बसायला सांगितलं. सायकलस्वारांच्या क्लबने खटला भरला आणि 1899 मध्ये तो हरला. तिथे बाईने सायकलसाठी कपडे बदलले आणि समाजाने तिला दारातच अडवलं.

आता याच्या उलट टोक बघा. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेसोबत हजारो ग्रामीण बायका सायकल शिकल्या. पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलं आहे. लेडीज सायकली पुरेनात तेव्हा त्या पुरुषांच्या सायकली चालवू लागल्या, आणि मधल्या दांड्यावर मूल बसवता येतं म्हणून काहींना त्याच जास्त सोयीच्या वाटल्या. खास कपडे येईपर्यंत कुणी थांबलं नाही.

या दोन्ही गोष्टींमधून मला एक जुनी, विसरलेली गोष्ट आठवली. आपली साधी सायकल मुळात माणसाच्या रोजच्या कपड्यांसाठीच घडवलेली आहे. पूर्ण चेनकव्हर असतं ते पँटचा पायचा आणि धोतराचा सोगा काळा होऊ नये, अडकू नये म्हणून. मडगार्ड चिखलापासून शर्ट वाचवतं. लेडीज सायकलचा दांडा खाली वाकवलेला असतो, मागच्या चाकाला जाळी बसवता येते, त्या साडीसाठी आणि ओढणीसाठी. रेसिंगच्या सायकलवरून हे सगळं काढून टाकलं, वजन कमी केलं आणि त्याचा भार माणसाच्या कपड्यांवर टाकला. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर पूर्वी यंत्र वापरणाऱ्याशी जुळवून घ्यायचं, आता वापरणाऱ्याने यंत्राशी जुळवून घ्यायचं. स्पर्धेसाठी हे ठीक आहे. पण तेच 'खरं सायकलिंग' ठरलं की बाकीचे सगळे आपोआप कच्चे ठरतात.

कपड्यांवरचा नैतिक विचार आपल्या महाराष्ट्रात नवा नाही. 1888 साली पुण्यात ड्यूक ऑफ कनॉटच्या मेजवानीला महात्मा फुले शेतकऱ्याच्या वेषात गेले. दागदागिन्यांनी मढलेले पाहुणे म्हणजे हा देश नव्हे, हे त्यांना दाखवायचं होतं. पुढे बाबासाहेबांनी नेमकं उलट केलं. ज्यांनी कसे कपडे घालावेत हे दुसऱ्यांनी ठरवून ठेवलं होतं, त्यांच्यातला हा माणूस कोट आणि टाय घालून उभा राहिला. एकाने मेजवानीत साधे कपडे नेले, दुसऱ्याने सूट घातला आणि दोघंही बरोबर होते. म्हणजे योग्य-अयोग्य कापडात नसतं. हे कपडे कुणासाठी दार उघडतात आणि कुणासाठी बंद करतात, ते बघावं लागतं.

माझा प्रश्न त्यांच्यापुढे फारच लहान आहे, पण कसोटी तीच लागू पडते. तोरणमाळ चढताना मी पॅडवाली शॉर्ट घालतो, कारण ती माझ्या कातडीसाठी आहे. तिच्यावरून एक सैल हाफ पँट चढवतो. राणीपूरला चहाला थांबलो की शेजारी बसलेल्या माणसाला बोलताना अवघडल्यासारखं होऊ नये, एवढ्यासाठी. बँकेत, बाजारात, दहा किलोमीटरच्या आत कुठेही जायचं तर शर्ट-पँट आणि उजव्या पायच्याला रबर. अंधारात रिफ्लेक्टिव्ह पट्टा दोन्हींवर. आणि कुठल्याही ग्रुपमध्ये जर्सीची अट आली तर मी 'का?' असं विचारतो, स्वतःकडे जर्सी असूनही. किंबहुना असल्यामुळेच. ज्याच्याकडे नाही त्याला हा प्रश्न विचारणं महागात पडतं, मला पडत नाही.

राहिली ताईची अडचण. ती माझ्या कपाटातून सुटणार नाही. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात, आमच्या जिल्ह्यातही मिळतात. त्या सायकलींना पूर्ण चेनकव्हर आणि मागच्या चाकाला जाळी आहे का, असेल तर ती वर्षभर टिकते का, आणि शाळेच्या रस्त्याला कडेची पट्टी आहे का, हे मला जर्सीच्या रंगापेक्षा महत्त्वाचे प्रश्न वाटतात. सध्या मी एवढंच केलंय की ताईच्या जुन्या सायकलला नवं चेनकव्हर आणि जाळी बसवून घेतली. शहाद्यातल्या मिस्त्रीने अर्ध्या तासात काम केलं. सायकल तिच्या सासरी पोहोचली आहे. ती काय घालून चालवायची ते तिचं ती ठरवेल.